नमुना एक्केचाळीस

सुगंधाबाई दुधपचारे कुहीहून पहिल्या एसटीनं आल्या,
मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ,
बर्फात तीन बदकं, पेपरात गुंडाळलेली.
कंडक्टरनं यांचं अर्धं तिकीट लावलं का, मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत. मग मीही गप्प.

सेमिनरी हिल्सच्या चढावर आमची लॅब.
खिडकीबाहेर फेब्रुवारीत सागाची पानं
पापडासारखी वाजत पडतात.
मी पोट उघडलं. काळजावर रक्ताचे ठिपके,
कुणी कुंकवाचा करंडा सांडावा तसे...
नाही, हे खोटं. ठिपक्यांसारखेच ठिपके.
आतड्यावर लाल कडी: एक, दोन, तीन, चार,
पुस्तकातल्या चित्रात असतात तशीच,
आणि पुस्तक बरोबर निघालं याचा मला आनंद झाला.
तो मी हातमोज्यांबरोबर लाल पिशवीत टाकला.

"एकशेचाळीस होती," त्या म्हणाल्या.
"उजेड सोसे ना त्याईले. पंख टाकून बसत,
पाण्याकडे पाहत, पण आत जात नाई.
बदक पाण्याले भेलं, मंग काय राह्यलं?
सारे म्हणतात, हिवाळ्यातल्या परदेशी पाखरायनं आणला.
पोरं गोफणी घेऊन बसले तलावावर.
तुमी सांगा मॅडम, कुठून आला?"

मशीन पस्तीस वेळा तापलं, पस्तीस वेळा निवलं.
जेलवर, जांभळ्या दिव्याखाली, एक पट्टी उमटली.
अकराव्या दिवशी हैदराबादहून फाईल आली:
चारशे सेहेचाळीस अक्षरं. ए, टी, जी, सी.
ना काना, ना मात्रा,
ना श्वास घ्यायला कुठे स्वल्पविराम.
मी ती ओळ दूरदूरच्या ओळींशेजारी लावली,
बदकांच्या, राजहंसांच्या, हिवाळी पाहुण्यांच्या.
संगणकानं वंशवृक्ष काढला, आडवा, बिनपानांचा.
आमची फांदी पाहुण्यांपासून इतकी लांब
की गोफणी खाली ठेवाव्यात.

जवळ कोण? एकच.
नमुना एक्केचाळीस.
सात वर्षांपूर्वी गोंडाणे सरांनी
तिरक्या अक्षरात 'कुही, दुधपचारे' लिहून
उणे ऐंशीत ठेवलेला,
निवृत्त होण्याआधी वाचलेला,
कुणालाही न कळवलेला.
दोन्हींत एका अक्षराचा फरक.
आपल्याकडे एका अक्षरानं ध चा मा होतो, जीव जातो.
इथे एका अक्षरानं नातं ठरलं.

म्हणजे तो आलाच नव्हता. होता.
डोक्यातल्या मज्जातंतूंच्या गाठीत,
जो वाचला त्याच्याच आत,
मांजरासारखा अंग मुडपून.

मी फोन लावला.
"बाई, मागच्या साथीतून कोण वाचलं होतं?"
"ढवळी," त्या लगेच म्हणाल्या, आवाज उजळला.
"याही टायमाले तेच राह्यली. लय चिवट हाय.
आता खाटीखाली निजते, माह्या सोबतीले."
मागून ढवळी बोलली,
सेल उतरलेल्या ट्रान्झिस्टरसारखी.

ढवळीचा नमुना मी घेतलेला नाही.
शास्त्र म्हणतं, शक्य आहे.
अहवालात 'उगम' असा रकाना आहे,
'शक्य आहे' एवढा तो रुंद नाही.

"पाडव्याले साठ पिल्लं येऊन राहिली भंडाऱ्याहून,"
त्या सांगत होत्या.
मी म्हटलं, येताच टोचून घ्या. तलावात सोडू नका.
आणि ढवळीचं टाकं वेगळं करा. दाणा वेगळा.
"किती दिवस?"
मी स्क्रीनकडे पाहिलं. चारशे सेहेचाळीस अक्षरं
आणि त्यात हे उत्तर कुठेच नव्हतं.
"ती आहे तोवर," मी म्हटलं.

बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला, त्यांच्याकडचा की माझ्याकडचा.
मग त्या म्हणाल्या,
"बरं. पोरायच्या गोफणी तं जमा करतो आधी."